पीठ फुगेपर्यंत

पिठात फ्रीजमधलं पाणी ओतताना सासूबाईंनी जराही मागेपुढे पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापासून काही लपवलं असेल तर तो साखरेचा डबा, आणि तोही डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून. आज त्या संध्याकाळच्या अख्ख्या पावाशी दगाबाजी करत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती.

दुपारचं पीठ कोमट पाण्यात मळलं की तासाभरात फुगून लाकडी काथवटीवरच्या ओल्या फडक्याला टेकायचं. गार पाण्यात मळलेलं पीठ तीन तास ढिम्म हलत नाही. सासूबाईंना तीन तासच हवे होते. एरवी पीठ त्यांचे यजमान मळत, पण वर्षातून या एका दिवशी, थोरल्या मुलाच्या आठवणीच्या दिवशी, सासूबाई बाह्या सरसावून स्वतः उभ्या राहत. त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे ज्यांनी या बेकरीची भट्टी पहिल्यांदा पेटवली त्यांनी, घराला दोन नेम घालून दिले होते. पीठ फुगायला ठेवलं की हात रिकामे, आणि हात रिकामे झाले की तोंडं सुटतात. तेव्हा त्या वेळात सगळ्यांनी बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं. पीठ फडक्याला टेकलं की जिथे असाल तिथे पुस्तक मिटून उठायचं. हा पहिला नेम. दुसरा नेम असा की वाचलेलं आज कुठे घडतंय हे कुणीतरी सांगितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. या दुसऱ्या नेमापायी मोशेला समुद्र ओलांडायला या घरात एक अख्खा हिवाळा लागला होता.

थोरला तापाने गेला त्याला आता आठ वर्षं झाली. त्या दिवशी दरवर्षी रूथची गोष्ट काढायची, हे यजमानांच्या थोरल्या बहिणीने ठरवलं. या बहिणीला सगळं गाव हेडबाई म्हणे. शाळेतून निवृत्त होऊन तिला बारा वर्षं झाली होती, पण ती ज्या खोलीत बसेल तिचा वर्ग व्हायचा. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. परमुलखात नामीचा नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात, ती सुनांना म्हणते आपापल्या माहेरी परत जा. एक जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडायला तयार होत नाही. इथवर यायचं, बोलणं व्हायचं, सगळे घरच्या सुनेकडे, थोरल्याच्या बायकोकडे, ओल्या डोळ्यांनी बघायचे आणि नेमकं पीठ फडक्याला टेकायचं. पहिला अध्याय संपला, उठा, भट्टी तापली. आठ वर्षं या घराने त्या गोष्टीचा दुसरा अध्याय उघडला नव्हता.

हेडबाईंनी तर रूथचं ते न सोडण्याचं वचन रंगीत दोऱ्यांनी कापडावर भरून, चौकट करून, काउंटरच्या वर टांगलं होतं. खाली सून उभी राहून पाव बांधून द्यायची. गिऱ्हाईक आधी वर वाचायचं, मग खाली बघायचं आणि मान हलवायचं.

मागच्या आठवड्यात सासूबाई चाळण शोधायला पिठाच्या पोत्यांमागे वाकल्या होत्या. बाहेर मिस्त्री पीठ मळायचं मशीन दुरुस्त करत होता. समोरच्या रस्त्यापलीकडे त्याचं छोटं वर्कशॉप. एकटा माणूस, लहानपणीच पोरका झालेला, बोलायला कंजूष. त्या दिवशी मात्र तो काउंटरवरच्या सुनेशी बोलला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी बिस्किटांच्या कारखान्यात नोकरीला जातोय म्हणाला, आणि मग, स्क्रू आवळता आवळताच, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का, असं विचारून मोकळा झाला.

सुनेने चौकटीकडे बोट केलं. मग म्हणाली, "वर काय लिहिलंय ते वाचा. मग विचारा."

त्याने सावकाश वाचलं. "हे तुम्ही म्हणालात?"

"नाही. पण माझ्या नावावर टांगलंय ना."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्याने मशीन नीट केलं आणि चहा न घेता गेला. तो गेल्यावर सून काउंटरच्या फळीवर कपाळ टेकून उभी राहिलेली सासूबाईंनी पोत्यांच्या फटीतून पाहिली. त्याच संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून रूथची गोष्ट एकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चारच तर अध्याय. वाचून झाल्यावर त्यांना स्वतःचाच असा राग आला की त्या जेवल्या नाहीत. सुनेला सरळ बोलावून सांगणं सोपं होतं, पण सून भिडेपोटी नाहीच म्हणाली असती, आणि यजमान भट्टीकडे निघून गेले असते. या घरात बोललेलं कुणाच्या कानात शिरत नाही, वाचलेलं शिरतं.

म्हणून हे गार पाणी.

*

तीन वाजता सगळे भट्टीच्या खोलीत लांब टेबलाभोवती बसले. धाकट्या मुलाला पावाची गाडी धुवायची घाई होती, पण आत्याबाईंच्या, म्हणजे हेडबाईंच्या, वाचनाला गैरहजर राहण्याची त्याची छाती नव्हती. तो वहिनीच्या समोर बसला. वहिनीने एप्रन काढलं नव्हतं. गेले आठ दिवस ती हसायची तेव्हा नुसते ओठ हलायचे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मिस्त्रीचं काय चाललंय हेही त्याला माहीत होतं. पण आपण बोललो तर घर डोक्यावर घेतलं जाईल म्हणून तो मूग गिळून होता.

हेडबाईंनी पहिला अध्याय वाचला, खणखणीत, स्वल्पविरामांसकट. नेमाप्रमाणे थांबल्या. "हे आज कुठे घडतंय?"

"इथेच," बाबा, म्हणजे यजमान, म्हणाले. दरवर्षी तेच म्हणायचे. सुनेने मान खाली घातली. हेडबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि पुस्तक मिटायला घेतलं.

"पीठ?" सासूबाईंनी अगदी सहज विचारलं.

सगळ्यांनी काथवटीकडे पाहिलं. फडकं सपाट होतं.

"अजून वेळ आहे म्हणजे," धाकटा म्हणाला. "मग नेमाप्रमाणे पुढे वाचायला हवं, आत्या."

"नेम मला शिकवू नकोस," हेडबाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.

दुसऱ्या अध्यायात रूथ शेतात जाते. कापणी करणाऱ्यांच्या हातून सुटलेली कणसं वेचते. शेताचा मालक, बवाज, तिला बघतो आणि गडी माणसांना गुपचूप सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या, तिला बोलू नका. हेडबाईंनी पुस्तकावरून चष्मा उचलला. "आज कुठे घडतंय?"

धाकट्याला जिभेवर ताबा ठेवता आला नाही.

"आपलं पिठाचं मशीन," तो म्हणाला, "या महिन्यात तीनदा बिघडलं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मशीन चांगलं आहे, आत्या. तरी नट सैल व्हायचा, आणि मिस्त्री यायचे. मुद्दाम पाडलेली कणसं म्हणजे असंच काहीतरी असणार."

सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी कधीही नटाला हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"तू नाही, वहिनी. एकदा आपोआप झाला. उरलेल्या दोन वेळा मी."

"तू?" बाबांनी विचारलं.

"वहिनी त्या दिवशी गाणं गुणगुणते," धाकटा म्हणाला. "मला ऐकायला बरं वाटतं."

सासूबाईंना आपल्या या पोराचा मुका घ्यावासा वाटला. त्याला त्या आजवर नुसता उडाणटप्पू समजत होत्या.

"शास्त्राचा असा थिल्लर अर्थ काढायचा नाही," हेडबाई कडाडल्या. "मिस्त्रीचं नाव कशाला मध्ये? बाळ्या, तू काहीतरी बोल. आणि ते पीठ बघ आधी, इतका वेळ कसा लागतोय?"

बाळ्या म्हणजे पासष्ट वर्षांचे बाबा. ते उठले.

*

बाबांनी फडक्याचा कोपरा उचलून पिठात बोट रोवलं, आणि त्यांना सगळं कळलं.

हात खोटं सांगत नव्हता. पीठ गार होतं. नुसतं गार नाही, मुद्दाम गार. यीस्ट घातलं होतं, वास येत होता, मीठही बरोबर होतं. चूक होती ती फक्त पाण्याची, आणि त्यांच्या बायकोने चाळीस वर्षांत पाण्यात चूक केलेली नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर चुकवली नाही.

त्यांची भट्टी कधी उशिरा पेटली नव्हती. ज्या दिवशी मुलाला पोहोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा पाव सहाला बाहेर पडला होता. लोकांनी तेव्हा कौतुक केलं. त्यांना ते कौतुक नको होतं. हात थांबले असते तर ते वेडे झाले असते, एवढंच. आत्ता काथवट गरम पाण्यावर ठेवली, भट्टीजवळ सरकवली, तर पीठ अर्ध्या तासात वर आलं असतं. पुस्तक मिटलं असतं. सून उद्याही काउंटरवर दिसली असती.

ती दिसायला हवी होती त्यांना. सकाळी तिने दुकानाचं दार उघडलं की वाटायचं, हिच्या मागून तोही आत येईल, उशीर झाला म्हणून डोकं खाजवत. आठ वर्षं रोज सकाळी वाटायचं. सुनेच्या जिवाला काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आत्ता, बोट पिठात असताना, त्यांना त्याची भयंकर लाज वाटली.

त्यांनी फडकं परत घातलं. वर आणखी एक ओलं फडकं घातलं, तेही गार पाण्यात पिळून.

"अजून बराच वेळ आहे," ते म्हणाले आणि येऊन बसले, या वेळी बहिणीच्या शेजारी नाही, बायकोच्या शेजारी. "वाच, ताई."

*

तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्याच ओळीवर हेडबाई अडल्या. त्यांनी पुढचा मजकूर डोळ्यांनी चाळला आणि पुस्तक पालथं ठेवलं.

"हे सगळ्यांसमोर वाचण्यासारखं नाही," त्या म्हणाल्या. "खळं, रात्र, आणि काय काय. जुन्या काळचे कायदे होते ते. आपल्याला काय त्याचं?"

"वन्सं, तुम्ही दमलात," सासूबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

या टेबलाशी सासूबाईंनी कधी वाचलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक होता आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून वाचत. पण वाचत राहिल्या. नामी सुनेला म्हणते, पोरी, तुझं घर वसावं, तुला सुख लागावं, हे मी बघायला नको का? तू न्हाऊन घे, चांगले कपडे घाल आणि त्या माणसाकडे जा.

त्या थांबल्या. दुसऱ्या नेमाप्रमाणे आता कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांनी ते दुसऱ्या कुणावर सोडलं नाही.

"हे आज इथे घडतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे घडायला हवं होतं. मी अडवून ठेवलं. ही बाई पहिल्या अध्यायात सुनेला परत जा म्हणाली. एकदा नाही, तीनदा. मी एकदाही म्हणाले नाही. आणि तिसऱ्यात तिने तिला हाताला धरून लग्नाला उभं केलं. मी पोत्यांमागून ऐकत बसले."

सुनेने वर पाहिलं. "तुम्ही ऐकलंत?"

"चाळण शोधत होते गं. सापडली नाही."

सून या घरात आली तेव्हा तिला पाव कापताही येत नव्हता. सासूबाईंनी तिचा हात हातात धरून सुरी कशी चालवायची ते शिकवलं होतं. नवरा गेल्यावर राहिली ती उपकार म्हणून नाही. तिला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटलं नव्हतं. मग ती चौकट आली. त्या दिवसापासून राहणं हे तिचं राहणं उरलं नाही. लोकांचं झालं.

"आई," ती म्हणाली, "मी तुम्हाला नकोशी झालेय का?"

"वेडी आहेस का तू?" सासूबाईंचा आवाज फुटला. "तू गेलीस की मला कसं करमणार, याच्या काळजीने आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही. पण मला करमावं म्हणून तू इथे उभी राहावीस, हे आता मला सहन होत नाही."

"बाबा?"

बाबांनी टेबलावरचा पिठाचा डाग बोटाने पुसला. "तुला बघितलं की तो आठवायचा. मला तेवढं पुरत होतं. तुला पुरत नाही हे मी बघितलंच नाही, पोरी. चुकलं माझं."

मग सगळ्यांनी हेडबाईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, पण हनुवटी हलत होती.

"ती चौकट मी तीन महिने भरत होते," त्या म्हणाल्या. "पोराला मी अक्षरं शिकवली होती. काहीतरी हातात हवं होतं मला. मी कौतुक म्हणून टांगली ती."

"माहीत आहे, आत्याबाई," सून म्हणाली. "तुम्ही रागाने टांगली असती तर मी दुसऱ्या दिवशीच काढली असती. कौतुक कसं काढणार?"

हेडबाईंनी नाक पुसलं, पुस्तक सासूबाईंच्या हातातून ओढून घेतलं आणि चष्मा चढवला.

"अर्धवट वाचायची सवय वाईटच," त्या म्हणाल्या. "शाळेत मी पोरांना यासाठी बाकावर उभं करायची. चौथा अध्याय झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही."

"आत्या, वहिनीला तरी जाऊ दे," धाकटा म्हणाला. "मिस्त्री सामान बांधतायत. मी दुपारी बघितलं."

हेडबाईंनी सुनेकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू जा. तुला शेवट माहीत असला नसला तरी चालेल. आणि ते एप्रन काढ, तोंडाला पीठ लागलंय."

सून उठली. सासूबाईंच्या पायाशी वाकायला गेली तर त्यांनी तिला मध्येच धरलं, पदराने तिचा गाल पुसला आणि दाराकडे वळवलं. एप्रन काढायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

*

चौथा अध्याय कुणी धड ऐकला नाही. हेडबाई मोठ्याने वाचत होत्या आणि वाचता वाचता स्वतःच काचेकडे सरकत होत्या. गावच्या वेशीवर पंच बसले, लग्न ठरलं, रूथला मुलगा झाला. शेजारणींनी ते बाळ नामीच्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, नामीला मुलगा झाला.

"रूथला झाला ना?" धाकट्याने विचारलं.

"त्या म्हणाल्या नामीला," हेडबाई म्हणाल्या. "नीट ऐक."

एव्हाना सगळे काउंटरच्या काचेला नाक लावून उभे होते. बाहेर संध्याकाळच्या पावासाठी पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती. बाबांनी दार किलकिलं करून सांगितलं, "आज पाव उशिरा." लोक घड्याळाकडे बघायचे सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले. कुणीतरी विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? "उत्तम आहे," बाबा म्हणाले, आणि ते म्हणता म्हणता त्यांना हसू आलं, ते आवरेना.

रस्त्यापलीकडे सून वर्कशॉपच्या दारात उभी होती. ऐकू काही येत नव्हतं. मिस्त्री हातात पान्हा घेऊन बाहेर आला. ती बोलत होती, हातवारे करून, मध्येच बेकरीकडे बोट दाखवून. बोटाच्या दिशेने मिस्त्रीने पाहिलं तर काचेमागे चार तोंडं. तो मागच्या मागे पायरीवर बसला. मटकन. पान्हा हातातच.

"पडला की काय?" हेडबाई म्हणाल्या.

"बसला," बाबा म्हणाले. "मी पण असाच बसलो होतो, हिच्या वडिलांनी होकार दिला तेव्हा."

सून धावत रस्ता ओलांडून आली. दारातच थांबली, धापा टाकत. ती हसत होती. नुसत्या ओठांनी नाही.

"हो म्हणाले," ती म्हणाली. "कारखान्याला नकार कळवतायत. इथेच राहायचं म्हणतायत, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत. मी काउंटरला येत जाईन, आई, मला यायचंय म्हणून येईन. फक्त त्यांनी एक विचारायला सांगितलंय."

"काय?" सासूबाईंनी विचारलं. नवरामुलाकडून काही अट येते की काय, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला काय म्हणून हाक मारायची. त्यांना कुणी नाहीये ना. एकदम तसं म्हटलेलं तुम्हाला चालेल की नाही, थोरल्यांच्या जागी, म्हणून ते घाबरलेत."

धाकटा सासूबाईंना दिवसातून पन्नासदा हाक मारतो, सून मारते. तरी आठ वर्षं एक हाक कमी पडत होती, आणि ती कमी पडते आहे हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी गिऱ्हाइकांना बाजूला सारलं आणि फुटपाथच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"विचारतोस काय लेका," त्या रस्त्यापलीकडे ओरडल्या. त्यांचा बारीक आवाज इतका मोठा होऊ शकतो हे त्या गल्लीला पहिल्यांदाच कळलं. "मार की हाक."

मिस्त्री उठून उभा राहिला. त्याने पान्हा खाली ठेवला, हात विजारीला पुसले. दोन गाड्या गेल्या. मग त्याने हाक मारली, आधी अगदी हळू, मग नीट, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

आणि सासूबाईंनी ओ दिली.